पानांवरील डाग आणि पावसाचे पाणी : दूषित पावसाच्या तक्रारीची पडताळणी कशी करावी?

वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर चार-सहा दिवसांनी विस्तार कार्यकर्त्यांकडे एक ठरावीक तक्रार येऊ लागते. गुलाबाच्या पानांवर तपकिरी ठिपके पडले, वेलवर्गीय भाज्यांच्या कडा करपल्या, नव्या पालवीवर पांढुरके चट्टे आले. जवळपास एखादा कारखाना, औष्णिक वीजकेंद्र किंवा वीटभट्टी असली, की निष्कर्षही तक्रारीसोबतच येतो : पाऊस आम्लयुक्त होता. हा निष्कर्ष कधी बरोबर असू शकतो. मात्र बहुतेक वेळा तो तपासलेला नसतो. कारण चुकीचे ठरले तर उपायही चुकतो. बुरशीजन्य करप्याला ‘आम्लवर्षा’ समजून शेतकरी फवारणी करत नाही आणि आठवड्यात प्लॉट हातचा जातो. उलट खरोखर वायुप्रदूषणाची इजा असेल, तर बुरशीनाशकांच्या तीन-चार फवारण्या वाया जातात आणि नुकसानीचा पुरावाही तोवर गळून पडलेला असतो. म्हणून ही पडताळणी पद्धतशीर कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

आम्लवर्षा म्हणजे नेमके काय?

स्वच्छ हवेतून पडणारे पावसाचे पाणीसुद्धा उदासीन नसते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते आणि पाण्याचा सामू साधारण ५.६ पर्यंत उतरतो. वनस्पतींपासून व समुद्रातून निघणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांमुळे दूरच्या, निर्मळ प्रदेशांतही तो ५ च्या आसपास आढळू शकतो. त्यामुळे ‘सामू ७ पेक्षा कमी, म्हणजे पाऊस दूषित’ हे समीकरण मुळातच चूक आहे. कोळसा व खनिज तेलाच्या ज्वलनातून निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि वाहने, भट्ट्या व वीजकेंद्रे यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे हवेत सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लात रूपांतर होते. ही तीव्र आम्ले पावसात उतरली, की सामू ५ च्या खाली जातो. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, हे येथे ध्यानात घ्यावे. सामू ४ असलेल्या पाण्यात सामू ५ च्या पाण्याच्या दहापट आम्लता असते.

‘आम्लवर्षा’ ही संज्ञा रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील मँचेस्टर परिसरातील निरीक्षणांवरून रूढ केली. त्याचा ‘एअर अँड रेन’ हा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे विसाव्या शतकात स्कँडिनेव्हियातील तलावांमधील मासे नाहीसे होणे आणि मध्य युरोपातील जंगले वाळणे यांमुळे हा विषय जगभर गाजला. आपल्याकडील सर्वसामान्य समजूत बहुतांशी तेथूनच आलेली आहे, आणि येथेच गल्लत होते. त्या प्रदेशांतील जमीन, हवा आणि पाऊस आपल्यासारखे नाहीत.

भारतीय पाऊस वेगळा का?

भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९७४ पासून टप्प्याटप्प्याने पर्जन्यजलाच्या रासायनिक तपासणीची केंद्रे उभारली. श्रीनगर, जोधपूर, प्रयागराज, मोहनबारी, नागपूर, पुणे, विशाखापट्टणम, कोडाईकनाल, मिनिकॉय आणि पोर्ट ब्लेअर ही ती दहा ठिकाणे होत. वाळवंट, गंगेचे मैदान, दख्खन, किनारपट्टी, बेटे आणि हिमालय असे जवळजवळ सर्व प्रकारचे भूभाग त्यांत आले आहेत. या प्रदीर्घ नोंदींतून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की देशाच्या बऱ्याच भागांत पावसाचा सामू ५.६ च्या वर राहत आला आहे. उत्तर व पश्चिम भारतात हवेत उडणाऱ्या मातीच्या धुळीत चुनखडी भरपूर असते आणि ती पावसातील आम्ल वाटेतच निष्प्रभ करते. जोधपूरचा पाऊस याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. दुसरी गोष्ट तितकीशी दिलासा देणारी नाही : अनेक केंद्रांवर गेल्या काही दशकांत सामू हळूहळू घसरत आलेला आहे. धुळीचे संरक्षण सगळीकडे सारखे नाही. ईशान्य भारत, पश्चिम घाटाचा दक्षिण भाग आणि छोटा नागपूरचा कोळसापट्टा येथे चुनखडीयुक्त धूळ कमी आणि जमिनीही मुळातच आम्लधर्मी आहेत. आसामच्या कोळशात गंधकाचे प्रमाण देशातील इतर कोळशापेक्षा बरेच जास्त असते, ही बाबही त्या भागापुरती लक्षात ठेवावी.

एकाच हंगामातही पाऊस सारखा नसतो. कोरड्या काळानंतरच्या पहिल्या सरी हवेतील साचलेली धूळ, काजळी आणि क्षार धुऊन आणतात. त्या गढूळ असतात, पण धुळीमुळे त्यांचा सामू अनेकदा जास्तच भरतो. सलग आठ-दहा दिवस पाऊस झाल्यावर धूळ संपते आणि मग सामू उतरू लागतो. म्हणजे डोळ्यांना घाण दिसणारा पाऊस कमी आम्ल आणि नितळ दिसणारा पाऊस अधिक आम्ल, असे घडू शकते. रंगावरून निष्कर्ष काढू नये, तो यासाठी.

पानाला इजा कोणत्या सामूला होते?

विविध पिकांवर कृत्रिम आम्लवर्षाव करून झालेल्या प्रयोगांत, पानांवर उघड दिसणारे डाग साधारणपणे सामू ३.५ च्या खाली, आणि ठळकपणे ३ च्या आसपास उमटलेले दिसतात. पिकापिकांत फरक पडतो. ज्या पानावर मेणाचा थर जाड असतो (कोबी, आंबा, रुई) त्यावरून थेंब घरंगळून जातो. घेवडा, मुळा, पालक यांसारख्या पातळ, ओल धरणाऱ्या पानांवर तो टिकतो. अमेरिकेत १९८० ते १९९० या दशकात राष्ट्रीय आम्लवर्षाव मूल्यमापन कार्यक्रम राबवला गेला. तेथील औद्योगिक पूर्व भागात पावसाचा सामू ४.२ च्या आसपास असतानाही, प्रत्यक्ष शेतातील पिकांच्या उत्पादनात पावसाच्या आम्लतेमुळे सातत्याने घट होते असे त्या अभ्यासात सिद्ध झाले नाही. पिकांचे खरे नुकसान ओझोन वायू करतो, हे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

यातला एक अपवाद महत्त्वाचा आहे. एक-दोन मिलिमीटरची भुरभुर, दाट धुके किंवा दव हे मुसळधार पावसापेक्षा कितीतरी पट अधिक संपृक्त असतात, कारण तेवढेच प्रदूषक फार थोड्या पाण्यात विरघळलेले असते. त्यातच भुरभुरीनंतर लगेच ऊन पडले, तर पानावरचा थेंब आटत जातो आणि त्यातील आम्ल व क्षार आणखी घट्ट होतात. पानाच्या टोकाशी किंवा कडेला, जेथे शेवटचा थेंब लोंबतो, तेथे करपा दिसण्याचे हे एक कारण असते. अशी भुरभुर आणि पाठोपाठ ऊन ज्या दिवशी पडले, त्या दिवसाची नोंद तक्रारदाराकडे आहे का, हे अवश्य विचारावे.

जमिनीवर होणारा परिणाम : एक साधे गणित

‘आम्लवर्षेने जमीन नापीक होईल’ ही भीती अनेकदा व्यक्त केली जाते. तिचे मोजमाप कागदावर करता येते. समजा, वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस झाला आणि सबंध पावसाचा सामू ४.५ राहिला. आपल्याकडील बहुतेक भागांच्या दृष्टीने ही कल्पना बरीच कडक आहे. एक हेक्टरवर त्या वर्षी १ कोटी लिटर पाणी पडेल. त्यातील एकूण आम्ल उदासीन करण्यास लागणारी शुद्ध चुनखडी भरते सुमारे १६ किलो. आता याची तुलना खतांशी करावी. पाठ्यपुस्तकांतील मान्य प्रमाणानुसार १०० किलो अमोनियम सल्फेटमुळे निर्माण होणारी आम्लता नाहीशी करण्यास सुमारे ११० किलो आणि १०० किलो युरियासाठी सुमारे ८० किलो चुनखडी लागते. म्हणजे हेक्टरी केवळ २० किलो युरिया टाकला तरी वर्षभराच्या आम्ल पावसाइतकी आम्लता जमिनीत पोचते! दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ५ टक्के मुक्त चुना असेल, तर वरच्या १५ सेंटिमीटर थरातच तो हेक्टरी सुमारे एक लाख किलो भरतो. अशा जमिनीला पावसाच्या आम्लतेची धास्ती बाळगण्याचे कारण दिसत नाही.

जांभ्या जमिनी, आसाम-मेघालयातील डोंगरउतार, केरळचे मळे यांची गोष्ट निराळी. तेथे मुक्त चुना नसतो, सामू आधीच ५.५ च्या खाली असतो आणि आणखी घसरण झाल्यास विद्राव्य ॲल्युमिनियम वाढून मुळांची टोके खुरटतात. तरीही तेथे खत व्यवस्थापन आणि चुन्याचा वापर हाच पहिला मुद्दा राहतो. आणखी एक बारकावा असा, की गंगेच्या मैदानासारख्या पशुधन व युरियाचा वापर दाट असलेल्या भागात हवेतील अमोनिया पावसातील आम्ल झाकून टाकतो. सामू चांगला दिसतो, पण अमोनियम जमिनीत नायट्रेट होताना आम्लता सोडतेच. केवळ सामू पाहून समाधान मानू नये ते या कारणाने.

मग पाने का करपतात?

पावसाला दोष देण्यापूर्वी त्याच्यासारखीच दिसणारी इतर कारणे एकेक करून बाजूला सारावी लागतात. पावसाळ्यात ओलावा, ढगाळ हवा आणि पानांवर उडणारा चिखल यांमुळे बुरशी व जिवाणूंचे रोग झपाट्याने वाढतात. डाग पाऊस पडल्यानंतर दिसले हे खरे असते; पण पाऊस हा तेथे रोगाचा वाहक असतो, विष नव्हे. डाळिंबावरील तेल्या, आंब्यावरील करपा, गुलाबावरील काळे ठिपके ही नेहमीची उदाहरणे. फरक ओळखण्याची खूण अशी : रोगाचा डाग दिवसागणिक मोठा होतो, त्याला बहुधा पिवळी कडा असते, भिंगाखाली बुरशीचे काळे बिंदू दिसतात आणि तो एकाच जातीच्या झाडांवर पसरत जातो. प्रदूषणाची इजा एकाच दिवशी, एकाच वेळी, बांधावरच्या तणांसह अनेक जातींच्या झाडांवर होते आणि नंतर डाग वाढत नाही. तक्रारीच्या प्लॉटवर गेल्यावर प्रथम बांधावरचे गाजरगवत आणि कुंपणाची झाडे पाहावीत. ती निरोगी असतील, तर हवा-पाण्याला दोष देण्यापूर्वी थांबावे.

किनारपट्टीवर मोसमी वाऱ्याबरोबर समुद्राचे क्षार आत येतात. झाडाच्या फक्त समुद्राकडील बाजूची पाने कडेने करपलेली आणि आतली बाजू हिरवी असेल, तर ते खाऱ्या वाऱ्याचे काम होय. शेजारच्या शेतात २,४-डी फवारले गेले असेल तर टोमॅटो, द्राक्ष, कपाशी यांची पाने करपत नाहीत, ती वेडीवाकडी, अरुंद व शिरा पुढे आलेली दिसतात. फुलकिडे व कोळी पानाचा रंग ताम्रवर्णी करतात. पान उलटून भिंगाने पाहिले, की शंका मिटते. पालाशाच्या कमतरतेने जुन्या पानांच्या कडा वाळतात. कुंडीत पाणी साचल्याने पाने पिवळी पडणे हे तर दर पावसाळ्यात घडते.

एक कारण मात्र खरोखर पावसाशी जोडलेले असून फारसे लक्षात घेतले जात नाही : आपण स्वतः फवारलेले ताम्रयुक्त बुरशीनाशक. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला किंवा फवारणीनंतर दीर्घकाळ ओल व किंचित आम्ल पाऊस मिळाला, तर तांबे अधिक प्रमाणात विरघळून कोवळ्या पानांना पोळते. मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी किंवा खिळा काही क्षण बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना आणखी घालावा, ही जुनी कसोटी आजही तितकीच उपयुक्त आहे. तक्रारदाराच्या फवारणीच्या नोंदी मागणे हा म्हणूनच औपचारिकतेचा भाग मानू नये.

वायूची इजा : पावसाच्या नावावर खपणारा खरा अपराधी

प्रदूषण आहे, पण ते पावसातून न येता थेट हवेतून येते, अशी प्रकरणे आपल्या देशात पुष्कळ आहेत. उत्तर भारतातील आंब्याचा ‘ब्लॅक टिप’ हा विकार त्यांपैकी सर्वांत बोधक म्हणावा लागेल. फळ गोटीएवढे असताना त्याचे टोक आधी पिवळसर, मग काळे व चपटे होते आणि फळ वाया जाते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बिहार व संयुक्त प्रांतातील बागांत हा विकार नोंदवला जात होता. कीड, बुरशी अशा शंका घेतल्या गेल्या. शेवटी उलगडा झाला तो बागांचे अंतर आणि दिशा पाहून : वीटभट्टीच्या जवळच्या आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाच्या बागांतच विकार तीव्र होता. भट्ट्या पेटतात उन्हाळ्यात, फळ वाढते तेव्हाच. पावसाळ्यात त्या बंद असतात. सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन अशा वायूंचा हा परिणाम असल्याचे निश्चित झाल्यावर भट्ट्यांच्या धुराड्यांची उंची वाढवणे, नव्या बागा भट्ट्यांपासून दूर लावणे आणि फळधारणेपासून १०-१५ दिवसांच्या अंतराने ०.६ टक्के बोरॅक्सची फवारणी करणे हे उपाय रूढ झाले. वेळापत्रक, अंतर आणि वाऱ्याची दिशा या तीन गोष्टींनी येथे जे काम केले, ते पावसाच्या पाण्याच्या तपासणीने कधीच झाले नसते.

सल्फर डायऑक्साइडची तीव्र इजा शिरांच्या मधल्या भागात होते. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग दोन्ही बाजूंनी पांढुरका किंवा भुरा पडतो. पूर्ण वाढलेली, मध्यम वयाची पाने सर्वाधिक बळी पडतात. फ्लोराइडची इजा पानाच्या टोकाला व कडेला होते आणि मृत भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये गडद तांबूस रेघ दिसते. ग्लॅडिओलस हे याबाबत अत्यंत संवेदनशील फूलझाड असल्याने ते निदर्शक म्हणून लावले जाते. सिमेंट कारखान्यांच्या परिसरात उलटाच प्रकार : धुळीचे विम्लधर्मी पापुद्रे पानावर घट्ट बसतात, पर्णरंध्रे बुजतात आणि प्रकाश अडतो. हलका पाऊस किंवा दव पडले, की तो थर आणखी पक्का होतो.

ओझोन हा मात्र धुराड्यातून निघत नाही. वाहनांचा धूर व इतर वायू यांच्यावर उन्हाची क्रिया होऊन तो हवेतच तयार होतो आणि शहरापासून दूरच्या शेतांपर्यंत पोचतो. जुन्या पानांच्या फक्त वरच्या बाजूला, शिरांच्या मध्ये, टाचणीच्या टोकाएवढे असंख्य तांबूस वा पांढरे ठिपके ही त्याची खूण होय. कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत १९५० च्या दशकात हे ठिपके प्रथम ओझोनशी जोडले गेले, ही बाब द्राक्ष बागायतदारांना ठाऊक असलेली बरी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशातील गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन घटल्याचा अंदाज मांडला. बनारस हिंदू विद्यापीठ व नवी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था येथे उघड्या छताच्या कक्षांमध्ये पिके वाढवून या वायूचा अभ्यास झालेला आहे. ढगाळ पावसाळ्यात ऊन कमी असल्याने ओझोनही कमी असतो. त्यामुळे उन्हाळी मूग, घेवडा, पालक यांवर ठिपके आले तर ओझोनची शंका घ्यावी आणि श्रावणातील डागांसाठी आधी बुरशी शोधावी.

पावसाचे पाणी गोळा करताना

इतके करूनही पावसावरचा संशय उरला, तर पाणी तपासावे. २० सेंटिमीटर व्यासाचे पॉलिथिनचे नरसाळे आणि एक लिटरची पॉलिथिनची बाटली पुरेशी होते. १० मिलिमीटर पावसात त्यातून ३०० मिलिलिटरहून थोडे अधिक पाणी मिळते. धातूचे भांडे वापरू नये. नरसाळे जमिनीपासून दीड मीटर उंच, झाडे व छप्परांपासून दूर ठेवावे. छपरावरून गळणारे पाणी घेऊ नये; सिमेंटचा पत्रा सामू वाढवतो आणि लोखंडी पत्र्यावरून जस्त उतरते. नरसाळे पाऊस सुरू होताच उघडावे व थांबताच झाकावे, नाहीतर कोरडी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यात जमा होऊन आकडे बिघडतात. प्रत्येक सर स्वतंत्र बाटलीत घ्यावी. महिनाभराचे पाणी एकत्र केल्यास नेमकी घातक भुरभुर सरासरीत हरवून जाते.

सामू मोजण्यासाठी लिटमस किंवा रंगपट्टी निरुपयोगी आहे. पावसाच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात, की पट्टीतील रंगद्रव्यच त्याचा सामू बदलून टाकते. इलेक्ट्रॉनिक सामूमापक ४ आणि ७ च्या बफर द्रावणांत जुळवून, इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने नीट धुऊन, आकडा स्थिर होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. उघड्यावर ठेवलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा सामूही ७ येत नाही, याचे नवल वाटू देऊ नये. त्याच नमुन्याची विद्युत वाहकता जरूर मोजावी. ही एक उत्तम उलटतपासणी ठरते : सामू खरोखर ४ असेल, तर केवळ आम्लामुळेच वाहकता ०.०३५ डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास यायला हवी. सामू ४ आणि वाहकता ०.०१ असे आकडे आले, तर दोहोंपैकी एक उपकरण चुकते आहे. याउलट सामू ६.५ आणि वाहकता बरीच जास्त असेल, तर ते धूळ, समुद्राचे क्षार किंवा अमोनियाचे लक्षण मानावे.

कुंड्यांचा प्रयोग

पाण्याचा सामू कमी आला, एवढ्याने पानांची इजा त्यानेच झाली हे सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलना हवी, आणि ती कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा शेतकऱ्याच्या अंगणातही करता येते. घेवडा किंवा पालक एकाच मिश्रणात, एकाच दिवशी वीस कुंड्यांत पेरावा. पाच कुंड्या उघड्यावर पावसात ठेवाव्यात. पाच कुंड्या पारदर्शक पॉलिथिनच्या छपराखाली, पण चारही बाजू मोकळ्या अशा ठेवून मुळाशी स्वच्छ पाणी द्यावे. पुढच्या पाच कुंड्या त्याच छपराखाली ठेवून, बाहेर पाऊस पडेल तेव्हा त्यांच्या पानांवर डिस्टिल्ड पाणी फवारावे. उरलेल्या पाचांवर त्याच वेळी गोळा केलेले पावसाचे पाणी फवारावे. तिसरा गट अनेकजण वगळतात आणि प्रयोग तेथेच निकामी होतो. पाने भिजल्यामुळे वाढणारी बुरशी आणि पाण्यातील रसायन यांचा फरक केवळ त्या गटामुळेच कळतो.

निकालाचा अर्थ असा लावावा. उघड्यावरच्या आणि चौथ्या गटातच डाग आले, तर संशय पावसाच्या पाण्यावर टिकतो. तिसऱ्या गटातही तसेच डाग आले, तर दोष ओलाव्याचा व रोगाचा. छपराखालच्या तिन्ही गटांसह चारही गटांत सारखी इजा दिसली, तर ती वायूची असण्याची शक्यता प्रबळ, कारण छप्पर पाऊस अडवते, हवा अडवत नाही. केवळ उघड्यावरचाच गट बिघडला, तर थेंबांचा मार, चिखल आणि कुंडीतून वाहून गेलेले नत्र यांकडे पाहावे. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला आपापल्या गटात बदलाव्यात आणि पानांवरील इजेची टक्केवारी अशा व्यक्तीकडून मोजून घ्यावी, जिला कोणती कुंडी कोणत्या गटातील आहे हे माहीत नाही. पाच-सहा आठवडे पुरेत. सल्फ्युरिक आम्ल पातळ करून झाडांवर फवारून पाहण्याचा मोह काहींना होतो. प्रयोगशाळेबाहेर तो टाळावा, त्यात डोळे व त्वचा गमावण्याचा धोका आहे.

प्रदूषणच निघाले तर

येथे वेळ सर्वांत महत्त्वाचा. वायुगळतीनंतर दोन-तीन आठवड्यांत इजा झालेली पाने गळतात, नवी पालवी येते आणि नंतर आलेल्या पाहणी पथकाला हिरवी बाग दिसते. पहिल्या ४८ तासांत तारीख दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. त्यांत पिकाबरोबर तणे व कुंपणाची झाडेही असावीत. गावाच्या नकाशावर इजा झालेले आणि न झालेले प्लॉट, संशयित स्रोत आणि त्या दिवसाची वाऱ्याची दिशा नोंदवावी. कृषी सहायक व ग्रामपंचायत प्रतिनिधींच्या उपस्थितीत पंचनामा करून त्याची प्रत तालुका कृषी अधिकारी आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयास लेखी तक्रारीसह द्यावी. ‘आम्लवर्षेमुळे नुकसान’ असे तक्रारीत लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेस, अमुक वेळी, या जातींच्या झाडांवर, स्रोतापासून इतक्या अंतरापर्यंत इजा’ असे लिहावे. कारण ठरवणे हे तपासणीचे काम आहे.

पानांचे नमुने इजा झालेल्या आणि दूरच्या निरोगी बागेतून, एकाच जातीचे व एकाच वयाचे घ्यावेत. निम्मी पाने न धुता आणि निम्मी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, सावलीत सुकवून, स्वतंत्र कागदी पिशव्यांत ठेवावीत. न धुतलेल्या पानांत प्रदूषक जास्त आणि धुतलेल्यांत नगण्य आढळले, तर ते वरवर बसलेले होते. धुऊनही गंधक किंवा फ्लोराइड जास्त निघाले, तर ते पानात शिरलेले आहे. फ्लोराइडच्या तपासणीसाठी पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत कधीही ठेवू नये, प्लॅस्टिकच्याच बाटलीत ठेवावा. माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळेत सामू आणि वाहकता सहज तपासून मिळते. सल्फेट, नायट्रेट, अमोनियम व फ्लोराइड यांसाठी आयन क्रोमॅटोग्राफची सोय असलेल्या कृषी विद्यापीठाच्या किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रयोगशाळेशी आधीच बोलून घ्यावे. पावसाचे पाणी बर्फाच्या डब्यात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून शक्य तितक्या लवकर, दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवावे. उबदार बाटलीत सूक्ष्मजीव अमोनियम व सेंद्रिय आम्ले वापरून टाकतात आणि मोजायचे तेच नाहीसे होते.